कॅप्टनकाकांचा आवाज

शालन इंगवले वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसली, आणि तेही नवऱ्याला न सांगता.

नवरा दुसरा कोणी असता तर त्यात एवढं नवल नव्हतं. पण कॅप्टन रणधीर इंगवले यांनी चौतीस वर्षं प्रवासी विमानं चालवली होती, आणि त्या चौतीस वर्षांत शालन एकदाही त्यांच्या मागे बसली नव्हती. बहिणीकडे नागपूरला जायचं तरी रेल्वे, केरळ बघायचं तरी रेल्वे. कोल्हापूरच्या शाळेत ती भूगोल शिकवायची. हवेचा दाब, वारे, चक्रीवादळं सगळं मुलांच्या गळी उतरवायची. पण त्याच हवेवर सत्तर टनांचं धूड कसं तरंगतं, ते तिच्या स्वतःच्या गळी कधी उतरलं नाही.

त्या मंगळवारी मात्र ती "भजनी मंडळाला जाऊन येते" म्हणून घरातून निघाली, रिक्षाने थेट उजळाईवाडीच्या विमानतळावर गेली आणि मुंबईच्या विमानात खिडकीशी बसली. निवृत्त वैमानिकांच्या बायकांना मिळणारा पास तिच्या पर्समध्ये तसाच पडून होता. तिने पट्टा बांधला. समोरच्या सीटच्या पाठीवर एक हेडफोन होता. तिने तो कानाला लावला आणि हिरवं बटण दाबलं.

"नमस्कार. मी तुमच्या विमानातून बोलतोय. काहीही विचारा. ठाऊक असेल तर सांगेन, नसेल तर ठाऊक नाही म्हणेन, बरं का."

'बरं का' मधला 'का' किंचित खाली पडला, अगदी तसाच. चौदा महिन्यांत शालनने तो आवाज ऐकला नव्हता.

विमान धावलं, उचललं गेलं, आणि पायाखाली धाडकन काहीतरी आदळलं.

"हे काय झालं?" तिने घाबरून विचारलं.

"चाकं पोटात घेतली. त्यांची झाकणं लागली."

"आणि आता इंजिन का मंदावलं? बंद पडलं का?"

"नाही हो. चढायला जोर लागतो, तो आता तेवढा नको. घाट संपल्यावर तुम्ही गाडीचा आवाज कमी झालेला ऐकता ना, तसंच. पन्नास सेकंदांनी थोडे धक्के बसतील. दीडेक मिनिट."

तिने घड्याळ धरलं. पन्नासाव्या सेकंदाला विमान हललं आणि दीड मिनिटाने थांबलं. मग मात्र ती विचारतच सुटली. पंख तुटतो का? वाकतो, तुटत नाही. वापरात येण्याआधी कारखान्यात तो कल्पनेपलीकडे वाकवून बघतात. दोन्ही इंजिनं थांबली तर? दगडासारखं पडत नाही, घारीसारखं तरंगत येतं. एवढ्या उंचीवरून शंभरावर किलोमीटर जाऊ शकतं. दोघं वैमानिक एकच जेवण जेवतात का? सहसा नाही, एकाचं पोट बिघडलं तर दुसरा धड हवा.

उत्तरांशी तिला तसं देणंघेणं नव्हतं. शेवटी भान सुटून तिने विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

"ते मला सांगता येणार नाही. मला फक्त या विमानाबद्दल ठाऊक आहे."

शालन हसली, आणि मग तिने खिडकीकडे तोंड वळवलं.

या आवाजाचं कंपनीतलं नाव 'संवादक' असं होतं, पण प्रवासी त्याला कॅप्टनकाका म्हणत. २०३८ साली तो विमानात आला, तो एका वेगळ्याच शोधाच्या पाठीवर बसून. विमानाच्या नाकातून डोळ्यांना न दिसणारा लेसर किरण समोरच्या हवेत सोडायचा. हवेतल्या सूक्ष्म धुळीवरून तो परततो, तेव्हा त्या धुळीच्या हालचालीप्रमाणे त्याची तरंगलांबी किंचित बदललेली असते. त्यावरून पुढे बारा-पंधरा किलोमीटरवर हवा वर चाललीय की खाली, हे मिनिटभर आधी कळू लागलं. विमानात हजारो मोजमापं तर आधीपासून होतीच. इंजिनाचं तापमान, पंखावरचा ताण, चाकांमधला दाब. ही सगळी माहिती प्रवाशाला समजेल अशा भाषेत सांगणारं यंत्र कोणीतरी तयार केलं. उरला फक्त आवाज. आणि लग्नाकार्यात, बारशात, हळदीकुंकवाच्या दारातसुद्धा लोकांच्या विमानविषयक प्रश्नांना न कंटाळता उत्तरं देणारा माणूस म्हणून रणधीररावांचं नाव आपोआप पुढे आलं.

चार महिने त्यांनी आवाज दिला. करारात त्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली होती : 'माझ्या आवाजात प्रवाशांशी खोटं बोलायचं नाही.'

पुढच्याच वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं, जीव वाचला. गळ्याशी धरून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं, पण त्यातून घरघर निघायची. रणधीररावांनी ते दोनदा वापरलं आणि कपाटात ठेवून दिलं. तेव्हापासून ते पाटीवर लिहून बोलत. लांब वाक्यं लिहायचा कंटाळा म्हणून हळूहळू वाक्यंच आखूड होत गेली. 'चहा.' 'नको.' 'लाईट बिल.' संध्याकाळी दोघं समोरासमोर बसत आणि पंख्याचा आवाज ऐकत.

त्यामुळे शालनची मंगळवारची भजनं वाढत गेली. सकाळी मुंबई, दुपारी परत. सातव्या मंगळवारी ती घरी आली तेव्हा रणधीरराव पुढच्या सोप्यात बसले होते. त्यांनी पाटी तिच्यापुढे धरली.

'जुन्या मित्राचा निरोप आला. वहिनी विमानात दिसल्या.'

शालनने चपला काढल्या. लपवण्यात अर्थ नव्हता. "होय. गेले होते."

'घाबरत होतीस ना?'

"आता नाही घाबरत."

त्यांनी पाटी पुसली, लिहिलं, पुन्हा पुसलं आणि मग लिहिलं, 'त्याच्याशी बोलायला जातेस.'

"मग काय करू?" शालनचा आवाज चढला. "तिथं निदान बोलता तरी तुम्ही!"

'तो मी नाही.'

"मग कोण आहे तो?"

रणधीररावांनी पाटी पालथी घातली आणि ते उठून बागेत गेले. पुढचे चार दिवस घरात खडूचाही आवाज झाला नाही.

पाचव्या दिवशी कंपनीच्या ऋजुता काळसेकर आल्या. तिशीतल्या, बोलायला मोकळ्या. 'संवादक'चं काम त्याच बघत होत्या. चहा घेऊन झाल्यावर त्यांनी कागद पुढे केले.

"सर, तुमच्या आवाजाने हजारो लोकांची भीती घालवलीय, हे आधी सांगते. पण अडचण येते ती शंभरातल्या चौघांना. संकटाच्या वेळी खरं ऐकून ही माणसं बिथरतात. म्हणून अशा प्रसंगी आवाजाने फक्त धीर द्यावा, असं कंपनीचं म्हणणं आहे. 'काळजीचं काही नाही, सगळं नेहमीसारखं आहे,' एवढंच. त्यासाठी करारातली तुमची ती ओळ काढावी लागेल."

रणधीररावांनी मान हलवली. नाही.

"थांबा सर. हेही बघा." ऋजुतांनी पिशवीतून एक मऊ, करड्या रंगाचा पट्टा काढला. "स्वरयंत्र गेलं तरी बोलताना जबड्याखालचे आणि जिभेचे स्नायू तशीच हालचाल करतात. त्या स्नायूंमधले बारीक विद्युत संकेत हा पट्टा वाचतो आणि शब्द ओळखतो. आवाज मात्र बाहेरून द्यावा लागतो. तुमचा आवाज कराराने आमच्याकडे आहे, त्याची दुसरी प्रत करायला मनाई आहे. ही सही झाली तर कंपनी तो तुम्हाला घरी वापरायला कायमचा देईल. एकदा बांधून तर बघा."

रणधीरराव हलले नाहीत. शालननेच पट्टा उचलला आणि त्यांच्या गळ्याभोवती बांधला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले.

"शालन," त्यांचा आवाज म्हणाला.

तिने पदर तोंडावर धरला.

"शालन, गॅसवर दूध आहे."

दूध उतू गेलंच. ती ओट्याशी उभी राहून एकाच वेळी पुसत होती, रडत होती आणि हसत होती. बाहेर येईपर्यंत रणधीररावांनी पट्टा काढून टेबलावर ठेवला होता.

ऋजुता पट्टा घेऊन गेल्यावर शालन म्हणाली, "सही करा. एवढं काय त्यात? डॉक्टर नाही का सांगत, बरं वाटेल म्हणून? चौघांना धीर मिळाला तर कुणाचं काय बिघडतं?"

त्यांनी पाटी पुढे ओढली. मग लिहिलं, 'तुला हवाय?'

"हवाय. खोटं कशाला बोलू?"

त्यांनी खाली लिहिलं, 'मग करतो.'

सही बंगळूरच्या कार्यालयात व्हायची होती. पुढच्या गुरुवारी सकाळी दोघं निघाले. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती आणि शेजारी बसून केलेला हा त्यांचा पहिला विमानप्रवास. रणधीरराव खिडकीशी, शालन मध्ये, आणि कडेला गडहिंग्लजची एक तरुण आई, मांडीवर सात महिन्यांचं बाळ. नाव तेजस्विनी, नवरा बंगळूरला नोकरीला. रणधीररावांनीही हेडफोन लावला. स्वतःचा आवाज विमानात ऐकायची त्यांची ही पहिलीच वेळ, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

बंगळूर जवळ आलं. विमान खाली जाऊ लागलं, आणि जाता जाता इंजिनांचा आवाज वाढून ते पुन्हा वर चढलं. वैमानिक बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं की थोडी तांत्रिक अडचण आहे, आपण घिरट्या घालत तयारी करणार आहोत. मग जिकडेतिकडे बटणं दाबली जाऊ लागली.

"काय झालंय?" शालनने विचारलं.

"पंखांच्या मागच्या कडेला झडपा असतात," आवाज म्हणाला. "उतरताना त्या बाहेर आल्या की पंख मोठा होतो, आणि विमान कमी वेगातही तरंगतं. आज त्या अडकल्यात. त्यामुळे आपण जास्त वेगाने उतरणार. एरवी ताशी अडीचशेच्या आसपास, आज सव्वातीनशे. धावपट्टी चार किलोमीटर लांब आहे, पुरेल."

"धोका आहे का?"

"एरवीपेक्षा जास्त आहे. फार नाही. वैमानिकांनी याचा सराव केलेला असतो. ब्रेक खूप तापतील. चाकांशी धूर दिसेल, कदाचित टायरची हवा जाईल. धूर दिसला म्हणून उठू नका, दार उघडू नका. कर्मचारी सांगतील तेव्हाच उठा, आणि सामान घेऊ नका."

पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांना हे सोसलं नाही. हेडफोन काढून फेकत ते मोठमोठ्याने ओरडू लागले, "सोडा मला, खाली उतरवा!" एक हवाईसेविका धावत आली. तिने त्यांना गप्प बसायला सांगितलं नाही. शेजारच्या रिकाम्या सीटवर बसून त्यांचा हात हातात घेतला, आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही.

तेजस्विनीने कापऱ्या आवाजात स्वतःच्या हेडफोनमध्ये विचारलं, "मला खरं सांगा. माझं बाळ वाचेल ना?"

तिचं उत्तर शालनला ऐकू येणार नव्हतं. म्हणून तिनेही तोच प्रश्न केला, "हिचं बाळ वाचेल ना?" आणि विचारता विचारता आधारासाठी ती नवऱ्याकडे वळली.

रणधीररावांनी प्रश्न ऐकला होता. त्यांचे ओठ हलत होते.

'मला तसं वाटतं,' ओठ म्हणाले. आणि मग शालनच्या कानात आवाज आला, "मला तसं वाटतं."

'पण शब्द देता येत नाही.' "पण शब्द देता येत नाही."

'बाळाला छातीशी धर, एक हात डोक्यामागे, पट्टा फक्त तुझ्याभोवती.' "बाळाला छातीशी धरायला सांगा. एक हात डोक्यामागे. पट्टा फक्त आईभोवती, बाळाला त्यात घेऊ नका."

शालन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ओठ पुढे, आवाज मागे. एखादा शब्द इकडचा तिकडे व्हायचा, पण मजकूर तोच. आवाज त्यांचा नाही असं ते म्हणाले होते. तो त्यांचाच होता. आणि तिला हेही त्याच क्षणी कळलं, की या वेळी कानात 'काळजीचं काही नाही' आलं असतं, तर हे ओठ मिटलेले राहिले असते.

तेजस्विनी रडत होती, पण बाळाला तिने सांगितल्याबरहुकूम धरलं होतं. शालनने एक हात तिच्या खांद्याभोवती टाकला, दुसरा नवऱ्याच्या हातात दिला.

धावपट्टी अंगावर धावून आल्यासारखी आली. चाकं टेकली तेव्हा सगळं विमान खडखडलं, सीटचा पट्टा पोटात रुतला, आणि संपेचना. मग एकदाचं ते थांबलं. उजव्या बाजूने पांढरा धूर वर येऊ लागला.

कोणी उठलं नाही. "ब्रेकचा आहे," मागून कुणी म्हणालं. "काका म्हणालेच होते," दुसरं कुणी. अग्निशमनाच्या गाड्या आल्या, पाणी मारलं, आणि वीस मिनिटांनी सगळे हात हलवत शिडीवरून उतरले. त्या ओरडणाऱ्या गृहस्थांना खुर्चीतून न्यावं लागलं. त्यांची नजर कुठेच ठरत नव्हती. बाळ झोपलं होतं.

ऋजुता विमानतळावरच धावत आल्या. चेहरा पांढराफटक. कागद मात्र काखेत होते, आणि हातात तो करडा पट्टा.

"तुम्ही ठीक आहात ना? बघितलंत ना सर, त्या गृहस्थांचं काय झालं? कंपनी म्हणते ते यासाठीच."

रणधीररावांनी खिशातून पेन काढलं. कबूल केलं होतं, ते करणार होते. त्यांनी शालनकडे बघितलंही नाही.

शालनने पेनावर हात ठेवला. "नको."

ऋजुता गोंधळल्या. "काकू, पण तुम्हीच तर..."

"होय, मीच म्हणाले होते. बघितलं मी त्या गृहस्थांना. पण धीर द्यायला माणसं होती की तिथं. ती पोरगी त्यांचा हात धरून बसलीच ना? खरं सांगायला मात्र एवढा एकच होता."

"मग तो पट्टा मला परत न्यावा लागेल."

"न्या."

एवढं बोलून ती प्रसाधनगृहात गेली आणि नळ मोठा सोडून मनसोक्त रडली. बाहेर आली तेव्हा रणधीरराव दारातच उभे होते. ते काहीतरी म्हणाले. पाटी बॅगेत होती. ती काढण्यासाठी ते वाकले, तर शालन म्हणाली, "राहू द्या. पुन्हा म्हणा. सावकाश."

वर्षभरात कंपनीने दुसरा आवाज आणला, एका मुलीचा, गोड. तो संकटात काय सांगतो, हे बघायला शालन गेली नाही. कॅप्टनकाका एकेका विमानातून उतरत गेले, आणि एका मंगळवारी मुंबईच्या विमानातूनही उतरले. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

ओठ वाचणं वाटलं तेवढं सोपं नव्हतं. प, ब आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात. त्यांनी पान मागितलं की ती मान चेपायला बसायची. ते चिडायचे, मग दोघंही हसायचे. पण त्यासाठी तिला दिवसभर त्यांच्या तोंडाकडे बघावं लागे. ऑपरेशनपासून ती पाटीकडेच बघत आली होती, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली. सहा महिन्यांत ते लांबलचक वाक्यं बोलू लागले. एकदा तर लाल मातीच्या आखाड्यातल्या कुस्तीचं वर्णन त्यांनी अर्धा तास केलं.

आणि मग पूर्वीसारखी माणसं प्रश्न घेऊन येऊ लागली. ते बोलायचे, शालन मोठ्याने सांगायची.

एका रविवारी कागलहून चौगुले आले, पंपांची दुरुस्ती करणारे, सोबत बारावी झालेली मुलगी ओवी. तिला वैमानिक व्हायचं होतं. तिने प्रश्न वहीत लिहून आणले होते.

"चष्मा चालतो का?"

"चालतो म्हणतात," शालन म्हणाली, "ठरलेल्या नंबरापर्यंत. पण आधी डोळे, कान, हृदय सगळी तपासणी करून घे. बाकीचं त्यानंतर."

"गणित पक्कं लागतं?"

"बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवंच. पुढे मात्र डोकं शांत ठेवता येणं जास्त लागतं, म्हणतात. दोनशे तास उडाल्यावर परवाना मिळतो. शिकणं मात्र थांबत नाही. दर सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा."

चौगुले खुर्चीच्या कडेला सरकले. "कॅप्टनसाहेब, मला एकच विचारायचंय. एकुलती एक आहे. यात भीतीचं काही नाही ना? तुम्हाला कधी वाटली?"

रणधीररावांनी ओवीकडे पाहिलं, मग तिच्या वडिलांकडे. ओठ हलले, सावकाश, चुकीचं वाचलं जाऊ नये इतके सावकाश.

शालनने ते वाचलं. चौतीस वर्षं हा माणूस पहाटे बूट चढवून शीळ घालत घराबाहेर पडायचा. हे तिला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. चौगुले तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि रणधीरराव काय म्हणाले हे खोलीत फक्त तिला कळलं होतं. 'छे, कधीच नाही,' एवढं म्हटलं असतं तर तो बाप सुखाने कागलला गेला असता.

"वाटायची म्हणतात," शालन म्हणाली. "रोज वाटायची. पहिल्या उड्डाणापासून शेवटच्या उड्डाणापर्यंत."

चौगुल्यांचे खांदे खाली आले. ओवीने मात्र वही मिटली. "मग तुम्ही काय करायचात?"

रणधीरराव हसले आणि सांगू लागले. शालनने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. हे तिलाही ऐकायचं होतं.